खाडीतलं विमान आणि माझा दीर

२ फेब्रुवारी

चोर! पहिल्या पानावर फोटो. दीर क्रेनला टेकून उभा आणि मागे चिखलानं माखलेलं आमचं विमान. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या नवऱ्याचं. ‘युद्धात कोसळलेलं विमान क्रेनमालकानं शोधलं.’ शोधलं म्हणे! लग्न झाल्यापासून आम्ही दोघं त्या खाडीत बुड्या मारत होतो. गेल्या वर्षी गढूळ पाण्यात पंखाची कड लागली ती माझ्या हाताला. जागा आम्ही कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं नाही, आणि हा मालक होऊन बसला!

३ फेब्रुवारी

फोन केला. “वहिनी, नंतर बोलू, इथे फार गडबड आहे.” ठेवलासुद्धा.

५ फेब्रुवारी

बघून आले. बंद कारखान्याच्या आवारात, ओंडक्यांवर. इतकी वर्षं हातांनी चाचपडत शोधलेलं विमान पहिल्यांदाच अख्खं दिसलं. रडूच फुटलं. दीर लोकांना माहिती देत होता, तीही चुकीची! मला बघून चपापला. “या ना वहिनी.” जशी काही मी पाहुणी.

मग लक्षात आलं — उन्हात ठेवलंय. कोरडं.

खाऱ्या पाण्यातून काढलेलं ॲल्युमिनियम गोड्या पाण्यात भिजत ठेवावं लागतं, पाणी बदलत, महिनोन्महिने. तसंच वाळवलं तर मीठ धातू खाऊन टाकतं. आम्ही पहिल्यांदा वर आणलेला दाराचा तुकडा गॅलरीत वाळवला होता. बोटांत पिठासारखा चुरला.

सांगायला तोंड उघडलं. तसंच मिटलं.

६ फेब्रुवारी

नाही सांगणार. सडू दे!

१६ फेब्रुवारी

पांढरे ठिपके आले! पंखाच्या मुळाशी, बारीक पुटकुळ्यांसारखे. दीर फडक्यानं पुसत होता. “धूळ फार बसते हो.” मी म्हटलं, “हो ना.” घरी येऊन पोटभर जेवले. किती दिवसांनी!

२० फेब्रुवारी

संग्रहालयाच्या बाईंचा फोन. “तुम्ही आणि तुमचे मिस्टर पूर्वी याच शोधात होता ना? विमान टिकवायचं कसं, काही सांगाल?”

“छे हो, मला काय कळतंय त्यातलं! दिरांना विचारा. त्यांनीच शोधलंय.”

फोन ठेवला आणि आरशात बघितलं. चेहरा अगदी शांत. नवरा असता तर एक शब्द बोलला नसता माझ्याशी. नाहीये ना पण तो.

८ मार्च

आज विमानाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. भाषण रंगात आलेलं असताना एका फोटोग्राफरनं पंखावर कोपर टेकवलं — पत्रा पापडासारखा मोडला! पांढरी भुकटी त्याच्या कोटावर. पाहुण्यांतले एक जाणकार दिराला म्हणाले, “तुम्ही हे भिजवून ठेवलं नव्हतं?” त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. माझ्याकडे बघत होता. मीही बघितलं. सावकाश, डोळ्यांत डोळे घालून. कळू दे त्याला!

फिट्टंफाट!

११ मार्च

दीर आला होता. बसला नाही. मीच विचारलं, “जागा कळली कशी तुला?”

“दादानं सांगितली. हॉस्पिटलमध्ये. म्हणाला, तिच्या कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टरांनी पाण्यात उतरायचं नाही म्हणून बजावलंय. पण मी गेल्यावर ती एकटी उतरणार. विमान वर काढ, नाहीतर ती खाली राहील. आणि माझं नाव सांगू नकोस.” मग खाली बघत म्हणाला, “पेपरात माझं नाव आलं तेव्हा मी गप्प बसलो. बरं वाटलं मला. एवढी चूक माझी.”

दोघा भावांनी मिळून ठरवलं. मला न विचारता!

गोड्या पाण्याच्या टँकरवाल्याला फोन केलाय. मागचा भाग अजून शाबूत असेल.