लिफ्टच्या छतावरची जोडी

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. सासूबाईंचा गुडघा तेवढा दुखतो, पण तो शेजारीण आली की जास्त दुखतो आणि ती गेली की थांबतो, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुझे हे, म्हणजे आमचे भावजी, कामावर जातात, येतात, ताटात वाढलेलं खातात. तुझं नाव निघालं की पंख्याकडे बघत बसतात. तुझ्या आईला बरं नाही म्हणून तू माहेरी गेलीस, असं सासूबाईंनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय. तुझ्या आईला हे कळवून ठेव, म्हणजे इकडचं कुणी तिकडे आलंच तर बिचारी निदान खोकेल तरी.

आता बातमी. लिफ्टच्या वर्गाची परीक्षा झाली आणि मी पास झाले. वस्तीमागच्या उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल आता कंपनी आपल्या वर्गातल्या बायकांकडून करून घेणार आहे. पुढच्या सोमवारी कामाला सुरुवात. पण माझं घोडं अडलंय. हे काम एकटीला देतच नाहीत. एक वर यंत्राच्या खोलीत, मेन स्विचपाशी, आणि दुसरी लिफ्टच्या छतावर, अशी जोडी लागते. जोडी नसेल तर नोकरी नाही. बाकी सगळ्याजणींच्या जोड्या लागल्या आहेत, उरलो मी आणि आणखी एक जण; तिचं पुढे सांगते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते असं.

आपण त्या इमारतींमध्ये घरकामाला जायचो, ते दिवस आठवतात का? पहारेकरी आपल्याला मागच्या जिन्याने पाठवायचा आणि तू मुकाट्याने चढायला लागायचीस. मी मात्र लिफ्टच्या बंद दारासमोर उभी राहून वरचे आकडे पेटताना बघत बसायचे. एवढी मोठी खोली जाते कुठे, वर तिला ओढतं कोण, आणि ओढणाऱ्याचे हात दुखत नाहीत का, याचं मला फार कुतूहल. सासूबाई मला भोचक म्हणतात ते काही खोटं नाही. म्हणून मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवणीच्या लिफ्टची बाजूची फळी काढून आतलं दाखवलं, तेव्हा मला हसू आवरेना. ओढणारं कुणी नाहीच! लिफ्ट वर जाते तेव्हा मागून लोखंडाचं वजन खाली येतं, यंत्राने दोर फक्त फिरवायचा. आणि ते वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं, म्हणून ब्रेक सुटला तर रिकामी लिफ्ट खाली पडत नाही, वर पळते. घरी येऊन मी हे तुझ्या भाऊजींना सांगितलं, तर ते म्हणाले, आधी जेव. त्या अख्ख्या वर्गात तू एकटीच होतीस जिने तोंडावर हात ठेवून हळूच विचारलं होतं की मग भरलेली लिफ्ट सुटली तर? मास्तर खूश झाले होते. तू आपली लाजून माझ्यामागे लपलीस.

मला अजून एक कोडं होतं ते म्हणजे ही कंपनी आपल्या वस्तीत आलीच कशी. इतक्या वस्त्या सोडून आपणच का, आणि लिफ्टच का? परवा कंपनीच्या बाई चहाला थांबल्या होत्या, तेव्हा मी खोदून खोदून विचारलं. तुला आठवेल, त्या पहिल्यांदा घरोघर फिरत होत्या. बायकांना शिवण शिकायला आवडेल का? सासूबाई म्हणाल्या, हो. संगणक? हो. लिफ्टची दुरुस्ती? हो. सासूबाईंना वाटलं, बाई पाण्याच्या नळाचं विचारतायत, आणि लवकर हो म्हटलं तर लवकर जातील. सगळ्या गल्लीने हेच केलं. बाईंनी वर कळवलं की वस्तीत उत्साह दांडगा आहे. साहेबांना लिफ्टचं आवडलं आणि आपण हेल्मेट घालून उभ्या राहिलो! बाईंनाच हे सांगताना इतकं हसू आलं की चहा सांडला.

चेष्टा बाजूला, पण हे लोक का करतात सगळं, हेही मी विचारलं. बाई म्हणाल्या, समाजाचं देणं असतं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, देणं वगैरे ठीक आहे, पण इमारती वाढल्या, जुने कारागीर थकले, नवी पोरं या धुळीत यायला तयार नाहीत. शिवाय हेल्मेट घातलेल्या बायकांचा फोटो छान येतो. मला दोन्ही उत्तरं खरीच वाटतात. फोटो आधी काढले आणि पाने-पेचकस नंतर आले, हे खरं आहे. पण आले. आणि मास्तरांनी एकदाही आपल्याला पाट्या टाकल्यासारखं शिकवलं नाही. साहेबांच्या भाषणाच्या दिवशी मी ताटकळून वैतागले होते, तरी हे मी मोकळ्या मनाने लिहिते.

मास्तर बिचारे मेटाकुटीला आले ते एकाच गोष्टीने. समजलं का, असं विचारलं की सगळ्या वर्गाचं एका सुरात हो. एकदा त्यांनी मुद्दाम सांगितलं की लिफ्ट रॉकेलवर चालते, समजलं? आपण सगळ्या, हो! ते डोकं धरून स्टुलावर बसले. या वस्तीत नाही हा शब्द कुणी शिकवतच नाही का, म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला की वरून किंवा खालून काही विचारलं, तर नुसतं हो चालणार नाही. पूर्ण वाक्य परत म्हणायचं. मेन बंद केला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. आपण हसायचो. घरात सरावाला मी तुला विचारायचे, भाकरी झाली का, आणि तू म्हणायचीस, गॅस बंद केला, झाकण लावलं, भाकरी डब्यात. सासूबाईंना वाटलं, दोघींना एकदमच वेड लागलं.

आणि तरी त्या दिवशी तू हो म्हणालीस. हे लिहायला मला इतकी पानं लागली, बघ. मी खाली, शिकवणीच्या लिफ्टच्या छताला लागून असलेल्या कठड्यापाशी उभी होते, तू वर यंत्राच्या खोलीत होतीस. मी ओरडून विचारलं, मेन बंद केलास का? वरून तुझा आवाज आला, हो ताई. मीही पुढच्या वाक्याची वाट न बघता एक पाय छतावर टाकला, कारण घरात तुझ्या हो नंतर मी कधी थांबलेलीच नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट वीतभर खाली गेली असेल. एक पाय काठावर, एक पाय हलत्या छतावर, अशी मी. शेजारी उभ्या मास्तरांनी एका हाताने माझ्या कमरेचा पट्टा धरला आणि दुसऱ्याने लाल बटण दाबून लिफ्ट थांबवली. मला झालं काहीच नाही. एक चप्पल तेवढी निसटली. एरवी बाहेरचं दार उघडं असलं की लिफ्ट हलतच नाही; शिकवणीच्या त्या लिफ्टला दारंच नव्हती, म्हणून ती हलू शकली. आता मास्तरांनी कठडा सरकवला की लिफ्ट थांबेल असा स्विच बसवून घेतलाय. पण तू हेल्मेट काढून खिडकीत ठेवलंस, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालीस. मी थांब म्हणाले, तर हो ताई म्हणालीस आणि गेलीस. ते हो मला फार लागलं.

तेव्हापासून मी माणसांच्या हो वर कान लावून बसलेय. दुसरा छंदच नाही म्हण ना. सासूबाई डॉक्टरांना हो म्हणतात आणि गोळ्या उशीखाली ठेवतात. भावजी मुकादमाला हो म्हणतात आणि बाहेर येऊन थुंकतात. मी तुझ्या भाऊजींना हो म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ते काय बोलले ते मला ठाऊकच नसतं. आपल्याकडे हो म्हणजे होकार नसतोच गं. त्याचा अर्थ एवढाच की ऐकू आलं, रागावू नका. आणि घरात शेवटी आलेल्या सुनेला तर दुसरं काही बोलायची सोयच नाही. तू वर त्या खोलीत उभी होतीस, यंत्राचा घरघराट चाललेला, आणि तुला एवढंच कळलं की थोरलीने हाक मारली. मग तुझ्या तोंडून दुसरं काय निघणार? मला तुझा राग आला नाही. खरंच नाही. भीती वाटली, पण राग नाही.

आता प्रमाणपत्रांच्या दिवशी काय झालं ते ऐक. साहेब, हार, फोटो, सगळं झालं. मग बाईंनी जोड्या वाचल्या. माझ्याबरोबर गल्लीच्या टोकाची शिंपीण लावली होती. चांगली बाई आहे, आवाज खणखणीत, परीक्षेत एक चूक नाही. तिची जोडीदारीण गावी निघून गेली, म्हणून तीही एकटीच. बाईंनी हसून विचारलं, तुम्हाला चालेल ना? सगळा हॉल माझ्या हो ची वाट बघत होता. साहेबांनी तर टाळीसाठी हात वर घेतले होते. आणि मी म्हणाले, नाही. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. साहेबांचे हात तसेच अधांतरी राहिले. सासूबाई मागच्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या की हिला ऊन लागलंय.

नंतर मास्तरांनी मला बाजूला घेतलं. शिंपीण नको, मग कोण हवी? मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, जिच्यामुळे जीव जात होता तीच हवी? मी त्यांना त्या दिवसाची आठवण करून दिली. लिफ्ट हलली तेव्हा तू धडाधडा जिना उतरून आलीस, आणि कुणी काही विचारायच्या आधी सांगितलंस की मला नीट ऐकूच आलं नव्हतं, मी स्विचला हात लावला नाही, मी नुसतं हो म्हटलं. तू म्हणू शकली असतीस की स्विच बिघडलाय. यंत्र जुनं होतं, सगळ्यांनी मानलं असतं, मीसुद्धा. तरी तू खरं तेच बोललीस. शिंपीण चुकत नाही, पण उद्या चुकली तर ती काय बोलेल, हे मला माहीत नाही. तुझं माहीत आहे. मला वर तीच बाई हवी आहे. मास्तरांनी कानामागे खाजवलं. मग म्हणाले, शनिवारी तिची परीक्षा घेतो, बोलाव.

आता हे फोनवर का सांगितलं नाही, ते तू ओळखलं असशील. फोनवर तू हो ताई म्हणाली असतीस, आणि त्या हो चा अर्थ लावत मी शनिवारपर्यंत झुरले असते. म्हणून लिहिलं, की तुला उत्तर द्यायची घाई नको. यायचं नसेल तर येऊ नकोस. मी शिंपिणीची समजूत काढून तिच्याबरोबर जाईन, आणि घरात तुला कुणी एक शब्द बोलणार नाही, ते मी बघते. पण यायचं असेल, तर शुक्रवारी ये. तू उंबऱ्यात आलीस की मी सासूबाईंच्या देखत तुला चहा टाकायला सांगेन. त्या वेळी तू पिशवी खाली ठेवायची, खुर्चीवर बसायचं, आणि म्हणायचं, नाही ताई, मी प्रवासाने दमले आहे, चहा तुम्ही टाका. एवढं मला तुझ्या तोंडून ऐकू दे. मग मी चहा टाकीन, आणि सोमवारी तू वरून सांगशील तेव्हा त्या छतावर निर्धास्त पाय ठेवीन.

तुझीच,
थोरली