चिंचेनं घासलेला दगड

प्रिय मामा,

तू गेल्यावर महिनाभर तुझं कपाट उघडायची कुणाची हिंमत झाली नाही. काल मामीनंच उघडलं, आणि असं काही करून बसली की तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

तुझा तो दगड! झारखंडच्या तांब्याच्या पट्ट्यातली ड्रिलिंगची नोकरी संपवून येताना आणलेला, हिरवा बुरा चढलेला. लालबागच्या या खोलीत तू तो माझ्यापुढे ठेवला होतास. "भूगर्भशास्त्र सोडलंस ते सोडलंस. एवढं सांग, यात तांबं आधी आलं की थरांना या घड्या आधी पडल्या?"

मी तोऱ्यात म्हणालो, "घड्या आधी. दुमडलेल्या थरांना ही तांब्याची शीर सरळ कापत गेलीय, दिसत नाही?"

"अर्धं बरोबर," म्हणत तू हसलास.

अर्धं! वर्गातली सायली माझ्या प्रेमाला नाही म्हणाली म्हणून मी रागात कॉलेज सोडलेलं, आणि वर तुझं हे. दार आपटून निघून गेलो. उरलेलं अर्धं विचारलंच नाही. तू तरी हाक का नाही रे मारलीस?

काल बघतो तर दगडाची एक बाजू लख्ख! मी ओरडलोच. मामी शांत. "तांब्याचो ना तो? मगे चिंचेन घासलंय. काय चुकला?"

आणखी भडकणार, तेवढ्यात दिसली. बुऱ्याखाली लपलेली दुसरी शीर, केसाएवढी, तांब्याच्या खनिजाची, पिवळीधमक, थरांबरोबरच वळलेली! म्हणजे एक तांबं दगड दुमडायच्या आधी आलं आणि एक नंतर? मध्ये किती काळ गेला असेल? हिरवं तर हवापाण्यानं सगळ्यात शेवटी चढलेलं. ओलं बोट फिरवून तू दगड न्याहाळायचास, तेव्हाच तुला ती दिसली होती का?

सायलीला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन. "आधीची कशावरून? मागाहून थरांच्या फटीत शिरली असेल, म्हणून वळलेली दिसत असेल तर?"

एरवी मी फोनच कापला असता. म्हणालो, "माहीत नाही गं."

"मग मायक्रोस्कोपखाली बघ. वय काढायला लॅब लागेल. घरी बसून होणारेय का?"

तिचं 'नाही' अजूनही 'नाही'च आहे, मामा. पण प्रश्न तिनं बरोबर विचारला.

सोमवारी दगड घेऊन कॉलेजात जातोय, पुन्हा प्रवेश मागायला. सर बोलतील ते ऐकून घेईन. दगडाची दुसरी बाजू अजून हिरवी आहे, तिला मामीची चिंच लागू देणार नाही. उरलेलं अर्धं कळलं की इथे येऊन तुझ्या फोटोसमोर सांगेन. जाताना दार हळू लावीन.

तुझा भाचा,
ओंक्या