ह्यांना मदत लागत नाही

४ मार्च
पहाटे पुन्हा पलंगाची बोट झाली. हे जन्मभर नदीवर बोट चालवत होते, त्यामुळे झोपेतही हात सुकाणूवरच. "अगं, धुकं आहे, सांभाळून बस!" मी बसले. खिडकीबाहेर खरंच धुकं. थोडा वेळ दोघं कुठेतरी वाहत गेलो. मग चादर बदलली.

लेकीने सरकारी देखभाल विम्यात ह्यांचं नाव घातलंय. मंजूर झालं तर रोज सकाळी कुणीतरी येऊन आंघोळ घालेल. "तू पडलीस तर, आई?" म्हणते. कंबर तर आत्ताच गेलीय.

९ मार्च
उद्या विम्याच्या तपासणीसबाई येणार. लेकीचा फोन — "बाबांना नटवून बसवू नकोस. आहेत तसे दिसू देत."

१० मार्च
काय सांगू! आपणहून उठले. इस्त्रीचा शर्ट मागितला. बटणं स्वतः लावली — एकही चुकलं नाही! बाई आल्या तर "या, बसा" काय, मला चहा टाकायला सांगितलं काय!

"आंघोळ कोण घालतं?"
"मी काय तान्हा आहे?"
"आजची तारीख?"
"तुम्ही वहीत लिहिलीच असेल की!"

बाई हसल्या. मीही. खरं बोलायला हवं होतं. पण परक्या माणसासमोर ह्यांना उघडं कसं पाडू? आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून लिहिते — मला हे इतके आवडले! वाटलं, संपलं सगळं दुखणं.

दार लागलं. खुर्चीतच झोपले. पँट ओली.

१८ मार्च
फोन आला. ह्यांना मदतीची गरज दिसत नाही म्हणे.
लेक चिडली. "गप्प का बसलीस?"
"त्यांच्या देखत काय बोलू?"
"मग माघारी बोल! फेरतपासणी मागते मी."

२१ मार्च
न्हाणीघरात ह्यांचा तोल गेला, माझाही. खाली बसलो दोघं. उठवेना. नळ चालूच. कोमट पाणी अंगावरून जात राहिलं, डोळे मिटले. छान वाटलं — त्याचीच भीती वाटतेय.

२ एप्रिल
त्याच बाई आल्या. जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. नवऱ्याची चहाडी केल्यासारखं तोंड कडू झालं.

त्या म्हणाल्या, "काकू, माझ्यासमोर सगळेच तरुण होतात हो. माझंच चुकलं. उद्या आंघोळीच्या वेळी येते."

३ एप्रिल
आल्या. दारात उभ्या राहिल्या. ह्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात. ओरडले. रडले. मीही. बाईंनी वही ठेवली आणि टॉवेल धरला.

१५ एप्रिल
मंजूर! मदतनीस येऊ लागलाय. चांगला दांडगा, पण हात मऊ. ह्यांना कापसासारखं उचलतो. आत पाण्याचा आवाज येत होता, दोघांच्या गप्पा. मी खिडकीशी जरा टेकले तर भरदिवसा झोप लागली. स्वप्नं पडली. कितीतरी दिवसांनी माझी स्वतःची!

१६ एप्रिल
मदतनीस हसत सांगायला लागला, आणि मध्येच थांबला. मीच म्हटलं, सांग.

"काल तुम्ही झोपलात ना, तर आजोबा मला म्हणाले — हळू बोल, त्या बाईंना उठवू नकोस. आपल्या नात्याच्या ना गोत्याच्या, तरी किती करतात! बायको आली की तिला सांगतो, ह्यांना कधी जाऊ देऊ नकोस."