‘काही आजार नाही’ म्हणालास

तुला दोनदा हलवलं. ‘पाच मिनिटं’ म्हणालास आणि कूस बदललीस, तेव्हा लिहूनच जातेय.

हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा फोन होता. आईंचं हिमोग्लोबिन सहावर आलंय. कोरोनाने दाखल झालेल्या माणसाचं रक्त इतकं कमी असलं की जिवाचा धोका फार वाढतो, म्हणाले. मग विचारलं, "कुठून रक्त जातंय का त्यांचं? मुलगा तर म्हणाला, आधीचा काही आजार नाही."

आजार नाही? आईंना मूळव्याध आहे, कित्येक महिने रक्त पडतंय, हे तुला पक्कं माहीत होतं. गाडीत मी बजावलंही होतं, आत गेल्यावर हे आधी सांग. पण मी गाडी लावून येईपर्यंत काउंटरवर तुझे साहेब भेटले आणि त्यांच्यासमोर मूळव्याधीचं नाव काढायला तुझी जीभ रेटेना! आई शेजारी धापा टाकत होत्या आणि तू म्हणे, ‘तशी ठणठणीत असते हो!’

मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय. आता रक्त चढवणार आहेत, त्याची सोय करायला रक्तपेढीत चाललेय. बाळ खालच्या काकूंकडे आहे, त्याचं दूधही तिथेच दिलंय. मास्क लावल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नकोस.

नर्सने मघाशी आईंना फोन दिला होता. "त्याला ओरडू नकोस गं, दमलाय तो," म्हणाल्या. एवढं बोलताना चारदा थांबल्या. म्हणून ओरडत नाहीये.

पोटभर खाऊन रक्तपेढीत ये. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत.