छताचे तीन इंच

१९ ऑगस्ट, सकाळी ७

आजपासून रोज लिहिणार. नियम म्हणजे नियम.

डॅडी परवा बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला. वय शहाऐंशी. काल ऑपरेशन करून नवा खुबा बसवला. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, गाडी गॅरेजमध्येच आहे ना? आहे म्हटलं. मग म्हणाले, ऑक्टोबरात मला तळ्यावर ने. त्या गाडीतूनच, दुसऱ्या कशातून मी येणार नाही. मी व्हर्नेलच्या सीटवर बसतो, तू चालव.

तू चालव! अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नर्स म्हणाली, अहो, ऑपरेशन छान झालंय, रडता काय.

२० ऑगस्ट

गाडीबद्दल लिहून ठेवतो. १९३२ची फोर्ड कूप. डॅडी वीस वर्षांचे असताना त्यांनी ती एका कोंबडीवाल्याच्या शेडमधून ओढत आणली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यांनी मोठं इंजिन टाकलं, मडगार्डं काढली आणि कोरड्या तळ्याच्या सपाट मैदानावर पळवली. दर ऑक्टोबरात तिथे अशा गाड्या जमतात. जुन्या गाडीची अशी पळणारी गाडी केली की तिला हॉट रॉड म्हणतात. ती कशी असावी ते आमच्या सगळ्या ऑइलडेल गावाने त्यांच्याकडे बघून शिकावं. व्हर्नेल म्हणजे मम्मी. तिच्या नावावरूनच माझं व्हर्लिन. दर ऑक्टोबरात ती शेजारी बसून तळ्यावर जायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

गाडीत एकच खोट आहे, छत. तळ्यावर येणाऱ्या एकूण एक गाडीचं छत कापून खाली बसवलेलं. त्याला आम्ही चॉप म्हणतो. आमचं मात्र ताठ, उंच. लोक म्हणतात, आला बघा ऑर्व्हलचा टेलिफोन बूथ. ऑर्व्हल म्हणजे डॅडी. ते हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि आज शोध लागला! दाराच्या मागच्या खांबावर, आतल्या अस्तराखाली, पत्र्यावर खिळ्याने ओढलेली रेघ. छतापासून बरोबर तीन इंच खाली. डॅडींची खूण! कापायचं ठरवलं होतं, राहून गेलं. बापाचं अर्धवट काम पोराने पुरं करायचं. तळ्यावर जायच्या आत. सरप्राईज.

संकल्प: १) चॉप. २) पोट कमी करणे. खाली बसलेल्या छताखाली ढेरी शोभत नाही.

२४ ऑगस्ट

चार दिवस लिहिलं नाही, अभ्यास चालू होता. सतरा व्हिडिओ बघितले. सगळ्यांचं एकच पालुपद: कापण्याआधी बॉडीच्या आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार वेल्ड करा, नाहीतर बॉडी फाकते. हे शिकाऊ लोकांसाठी असणार.

माझी बायको ग्लेंडा म्हणाली, रेटाला विचार की. रेटा आमची मुलगी, एकतीस वर्षांची, तेलाच्या विहिरींवर पाईप वेल्ड करते. मी म्हटलं, पाईप गोल असतो, त्यात काय मोठंसं? छताला कला लागते, आणि ती रक्तात असावी लागते. ग्लेंडा म्हणाली, तिच्यात काय दुसऱ्याचं रक्त आहे का? विषय बदलला.

वेल्डिंग मी कधी केलेलं नाही हे खरं. पण डॅडींचा उजवा हात मीच होतो. सात वर्षांचा असल्यापासून सोळाचा होईपर्यंत, ते गाडीखाली आणि मी दिवा धरून उभा. नऊ वर्षं! त्यातून काहीच अंगात उतरलं नसेल असं होत नाही.

२६ ऑगस्ट

डॅडींना भेटून आलो. म्हणाले, आठवड्यातून एकदा इंजिन चालू कर, बाकी गाडीला हात लावू नकोस. हे त्यांनी इतरांना उद्देशून म्हटलं असावं. खोलीत मी एकटाच होतो, पण त्यांना चष्मा नव्हता.

२ सप्टेंबर, दुपार

कापलं!!

एकेक खांब आधी रेघेच्या उंचीवर कापला. मग तीन इंच वर दुसरा काप घेऊन मधला तुकडा काढला. शेवटचा खांब सुटला तेव्हा बॉडीतून टंग असा आवाज आला आणि दोन्ही दारं आपोआप उघडली. गाडीलाच मोकळं वाटलं असेल.

छत मात्र माझ्या डोक्यावर आलं. दोन्ही हातांनी पेलून मी सीटवर उभा. खाली ठेवावं तर कुठे? पंचवीस मिनिटं तसाच. शेवटी टपालवाली बाई आली. म्हणाली, काय हो, पाऊस यायचाय का? तिने एक बाजू धरली. बाई भली आहे, पण तिने पुढे सगळ्या गल्लीत सांगितलं.

३ सप्टेंबर

दारं लागत नाहीत. बॉडी इंचभर फाकली आहे. लोखंडच ते, थंडीत आवळेल.

दुसरं म्हणजे, छत तीन इंच खाली आणल्यावर पुढचे खांब खालच्या खांबांवर बसत नाहीत. ते तिरके असल्यामुळे दीड इंच बाजूला जातात. आठव्या व्हिडिओत हे होतं म्हणे. तेव्हा मी ॲपल पाय खात होतो. संध्याकाळी पोटाचा संकल्प पुन्हा सुरू. फक्त सॅलड.

४ सप्टेंबर

सुट्टी. बार्बेक्यू. सॅलड संपलं होतं.

१० सप्टेंबर

पुढची काच तीन इंच कापायची होती. कापली. एकीच्या सात झाल्या.

रेटाचा फोन आला. आजोबांनी सांगितलंय, गाडी चालू करताना एक चमचा पेट्रोल वरून घाल, आठवण करून दे म्हणून. मी घाईत आहे म्हटलं. म्हणाली, डॅड, रविवारी कसली घाई? ती रोज ड्यूटीवरून परत जाताना डॅडींकडे तासभर बसते. काय बोलतात दोघं कोण जाणे. मी गेलो की गप्प होतात, बहुतेक माझ्याबद्दल आदर म्हणून.

१७ सप्टेंबर

छत बसवलं. भाड्याच्या मशीनने स्वतः वेल्ड केलं. टाके थोडे गुठळ्या गुठळ्यांचे झालेत, दाताखाली खडा यावा तसे हाताला लागतात. पण लांबून गाडी काय दिसते! वाघ दबा धरून बसलाय नुसता. दारं दोरीने बांधली.

आत बसून बघितलं. पहिल्यांदा शिरता येईना. मग शिरलो. मग निघता येईना. ग्लेंडाला फोन करावा लागला. तिने आधी फोटो काढला, मग पाय धरून ओढलं. आजपासून रात्रीचं जेवण बंद.

रात्री चीज भरलेले एन्चिलाडा होते. वाया घालवणं बरं नव्हे.

२४ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

डॅडींना व्यायाम देणारी बाई म्हणाली, शनिवारी घरी सोडतो, पण तीन महिने नियम पाळायचे. कंबरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, खुर्ची उंच हवी, गाडीत बसताना खाली जाड उशी. नाहीतर नवा खुबा निखळेल. तळ्यावर जा, पण ताठ बसून. डॅडी खूश. म्हणाले, आपल्या गाडीचं छत उंच आहे बाई, टोपी घालून बसलं तरी लागत नाही.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मग परत आत येऊन बाईंना विचारलं, म्हातारपणात उंची कमी होते ना हो? साधारण किती? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना?

घरी येऊन मोजलं. उशी घातली तर डॅडींचं डोकं छताच्या वर दोन इंच जातं. उशी न घालता, अर्धा. पण ते मुळात सीटपर्यंत पोचतातच कुठे? एवढ्याशा दारातून वाकल्याशिवाय माणूस आत जात नाही.

अजून दोन आठवडे आहेत. काहीतरी सुचेल. आजवर नेहमी सुचलंय.

३० सप्टेंबर

डॅडी घरी आले. गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेज दिसतं. ते वॉकर धरून तिथे बराच वेळ उभे होते. म्हणाले, बसकी दिसतेय. मी म्हटलं, टायरमधली हवा. म्हणाले, टायरमधली हवा गेली की खालून बसते, व्हर्लिन, वरून नाही. मी कॉफी करायला गेलो.

५ ऑक्टोबर

उपाय १: डॅडींना मागे झोपवून नेणे. डिकीत. नको.
उपाय २: छताला भोक.
उपाय ३: तळ्यावर पाऊस पडून कार्यक्रम रद्द होणे. हाच सर्वांत व्यवहार्य वाटतो. हवामान बघितलं. पंधरा तारखेपर्यंत कडक ऊन.

७ ऑक्टोबर

रेटा उशी बसवायला आली आणि मी अडवायच्या आत तिने ताडपत्री ओढली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. गाडीभोवती एक चक्कर मारली. दाराच्या फटीत चार बोटं घातली, माझ्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. मग हळूच विचारलं, आधार दिला होतास का कापण्याआधी? मी म्हटलं, तो शिकाऊ लोकांसाठी असतो. ती म्हणाली, डॅड, मी बारा वर्षं वेल्डिंग करते आणि मी अजूनही देते.

तेवढ्यात वॉकरचा खडखड आवाज. डॅडी दारात. मी म्हटलं, सरप्राईज. का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं.

डॅडी वॉकर सरकवत दाराच्या खांबापर्यंत आले. मग विचारलं, रेघ कुठे आहे? मी उत्साहाने सांगितलं, अहो, तुमच्याच रेघेवरून कापलं, बरोब्बर रेघेवरून!

ते म्हणाले, १९५९ला मीही करवत हातात घेतली होती. म्हटलं, आधी बघू तर. व्हर्नेलला आत बसवलं. केस उंच बांधायची ती, तशीच बसली. डोकं कुठे येतं तिथे खिळ्याने रेघ ओढली. छतापासून तीन इंच. म्हणजे कापलं तर तिला जन्मभर मान वाकवून बसावं लागणार. करवत खाली ठेवली. ती गेल्यापासून तळ्यावर पोचलो की मी अस्तरावरूनच त्या जागी बोट ठेवून बसतो. आणि लोक बूथ म्हणतात, तर म्हणू देत. तुझ्या मम्मीला आवडायचं ते नाव.

मग म्हणाले, कापलेला तुकडा दे.

मी म्हटलं, जपून ठेवलाय. तो वर्कबेंचच्या डुगडुगत्या पायाखाली होता. रेटाने बेंच उचलला, मी काढला. रेघेवरूनच करवत फिरवली होती, त्यामुळे रेघ गेली. फक्त एका टोकाला, जिथे माझा हात हलला होता, तिथे अर्ध्या इंचाची उरली आहे. डॅडींनी ती अंगठ्याने पुसली आणि तुकडा शर्टाच्या खिशात टाकला.

८ ऑक्टोबर, रविवार

तळ्याचा दिवस. सकाळी रेटा पिकअप घेऊन आली. म्हणाली, आजोबा, उंच सीट आहे, चला. डॅडी म्हणाले, नको गं, पुढच्या वर्षी. मग स्वतःच हसले. शहाऐंशी.

दिवसभर स्वयंपाकघरात बसले. मी समोर बसलो. माफी मागायची होती. मी म्हटलं, छत खाली आल्यामुळे वारा कमी लागतो, त्यामुळे वेग वाढतो. ते म्हणाले, हं.

मला लाज वाटली. फार वाटली. इथे लिहून ठेवतो, कारण मोठ्याने बोलायला गेलो की तोंडातून दुसरंच काहीतरी येतं.

९ ऑक्टोबर

तसं पाहिलं तर रेघ अस्तराखाली लपवून ठेवणं ही डॅडींचीही चूक आहे. साधी चिठ्ठी लावली असती तर?

१० ऑक्टोबर

कालचं खोडायचं होतं. पेन सापडलं नाही. आता सापडलं, पण राहू दे.

२१ ऑक्टोबर

रेटाने काम हातात घेतलं. शनिवार-रविवार येते. पहिल्यांदा आतून पट्ट्यांचा आधार दिला. मग माझे टाके कापून छत पुन्हा उचललं. ते तिच्या डोक्यावर आलं नाही, आधीच साखळीला टांगलं होतं. आता तेच तीन इंच परत घालणार. कापलेले तुकडे मागितले. डॅडींच्या खिशातला सोडून सगळे मिळाले. एक माझ्या दारामागे अडसर म्हणून होता.

डॅडी उंच खुर्चीवर, खाली उशी. तिला म्हणतात, अजून केसभर डावीकडे. ती सरकवते. म्हणतात, बास. एवढंच बोलणं. हॉस्पिटलात तासन् तास हेच चालायचं तर. मी म्हटलं, नियोजन माझ्याकडे द्या. दोघांनीही ऐकलं नाही, मशीनचा आवाज होता. मशीन बंद झाल्यावर पुन्हा म्हटलं.

रेटाने विचारलं, आजोबा, पुढच्या ऑक्टोबरात तुम्ही बसायचंच, कळलं ना? डॅडी म्हणाले, मी बसेन न बसेन, छत तिच्या उंचीचं असू दे.

४ नोव्हेंबर

आज डॅडींनी खिशातला तुकडा काढून दिला. शेवटचा तोच. रेटा आत शिरून खांब साफ करत होती. आतून म्हणाली, डॅड, दिसत नाही, दिवा धर.

मी धरला. मन लावून धरला.

थोड्या वेळाने ती ओरडली, अरे डोळ्यांवर नको ना, कामावर धर! आणि मागून, तोच सूर, तेच शब्द, डॅडी: कामावर धर, व्हर्लिन, डोळ्यांवर नको! अठ्ठावन्न वर्षांचा झालास, अजून दिवा धरता येत नाही?

नऊ वर्षं हेच ऐकलं. मला वाटायचं माझा हात कच्चा आहे. आज कळलं. हात ठीक आहे. मी काम बघतच नव्हतो. डॅडी गाडीखाली असायचे आणि मी त्यांचं तोंड बघायचो. मी बघायचो तिकडे दिवा जायचा. आज रेटाचं बघत होतो. काम करताना ती ओठ मुडपते. तेही तसेच मुडपायचे.

दिवा खांबावर नेला आणि तिथेच ठेवला. तुकडा बसला. अर्ध्या इंचाची रेघ आतल्या बाजूला आली. डॅडी खुर्चीवरून उठले नाहीत, पण मान वर करून ती बघितली.

उद्या सकाळी आठला गॅरेजमध्ये बोलावलंय. रेटाने सांगितलं, दिवा चार्ज करून आण, बाकी काही आणू नकोस.