बिनशर्त स्वीकार, अटी लागू

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी सहा चाळीस.

दोन दिवसांचं शिबिर आज संपलं. सर्टिफिकेट मिळालं. नावात एक वेलांटी चुकलीय, पण आतून मी पूर्ण आहे. सबंध सर्व्हिस सेंटरमधून कंपनीने मला एकट्यालाच पाठवलं. साहेब म्हणाले होते, तुमच्याइतकी गरज दुसऱ्या कुणालाच नाही. गरज म्हणजे ओढ, असं त्यांना म्हणायचं असावं.

विषय: माणसाला केंद्रस्थानी ठेवणारा मानसोपचार. यात सल्ला द्यायचा नाही. ज्याचं दुखतंय त्याचं उत्तर त्याच्याच आत असतं. आपण नुसतं ऐकायचं. बिनशर्त स्वीकार, समानुभूती आणि सच्चेपणा एवढ्यावर सगळी इमारत उभी. सच्चेपणा म्हणजे पोटात एक, ओठात एक नको. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, हे अंगवळणी पडायला कित्येकांचा जन्म जातो. मला शनिवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं होतं. मॅडमना दोन-चार सुधारणाही सुचवल्या. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून स्वीकारल्या.

संकल्प: उद्यापासून वॉशिंग मशीनची तक्रार ऐकायची नाही, तक्रार करणारा माणूस ऐकायचा. घरीही तेच.

बायकोला सगळं समजावून दिलं. दीड तास लागला. मध्येच म्हणाली, अहो, मला मुलीबद्दल जरा बोलायचंय. म्हटलं, आधी ऐकणं म्हणजे काय ते ऐकून घे.

२ फेब्रुवारी, सोमवार.

पहिलाच फोन एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंचा. मशीन मध्येच बंद पडलंय, पाणी बाहेर जात नाही, दार उघडत नाही, आत चार चादरी. एरवी मी मॉडेल नंबर विचारला असता. आज म्हटलं, तुम्हाला असं वाटतंय की आत खूप काही साठलंय. म्हणाल्या, वाटत नाहीये, साठलंय. पाणी. म्हटलं, आणि त्याला वाट मिळत नाहीये. म्हणाल्या, तेच तर मघापासून सांगतेय, मेकॅनिक कधी पाठवताय?

इथे भलेभले घसरतात. मी उत्तर द्यायचा मोह आवरला. विचारलं, मेकॅनिक कधी यावा असं तुम्हाला वाटतं? म्हणाल्या, आज.

बघा! उत्तर त्यांच्या आतच होतं.

मेकॅनिकला सांगायचं राहून गेलं. पण तो भाग गौण.

४ फेब्रुवारी, बुधवार.

सच्चेपणाचा सराव. बायकोने दोन महिने खपून माझ्यासाठी स्वेटर विणलाय. आज घालून बघितला. आतून जे वाटलं तेच बाहेर काढलं: डावी बाही लांब आहे, रंग ओल्या पुठ्ठ्यासारखा आहे, आणि हे मी अतिशय प्रेमाने सांगतोय.

तेव्हापासून ती बोललेली नाही. स्वतःच्या आत डोकावत असावी. तिला तो अवकाश देतोय.

स्वयंपाकघरात जाऊन माझा चहा मीच केला. साखर कुठे असते ते विचारलं नाही. बिनसाखरेचा प्यायलो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

मुलीच्या बाबतीत एक गंभीर निरीक्षण. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, वय वीस, आणि तिच्या जॅकेटवर पांढरे केस! राठ, आखूड, मूठभर. पोरीचे केस ताणाने पिकून गळताहेत. शिवाय हातांना सतत औषधी साबणाचा वास. वारंवार हात धुणं, म्हणजे स्वतःबद्दल घृणा. दोन दिवसांच्या शिबिरात हे दिसण्याची नजर आली, हे विशेष.

जेवताना तिच्याकडे बिनशर्त बघत राहिलो. साधारण पंचवीस मिनिटं. म्हणाली, बाबा, काय झालं? म्हटलं, तुला काय झालं असं वाटतं? ताट उचलून आत गेली.

प्रक्रिया सुरू झाली आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार.

शिक्षिकाबाईंचा आठवा दिवस, चौथा फोन. म्हणाल्या, आता वास यायला लागलाय. म्हटलं, या वासाशी तुमचं नातं कसं आहे? त्यांनी जे शब्द वापरले ते शाळेत शिकवत नसतात. मी स्वीकारले.

दुपारी मुलीच्या कॉलेजातून एका प्राध्यापिकाबाईंचा फोन. तिच्या उपस्थितीबद्दल बोलायचंय म्हणाल्या. मला भरून आलं. म्हटलं, मॅडम, उपस्थिती हाच तर सगळ्याचा गाभा! इथे आणि आत्ता पूर्णपणे उपस्थित राहणं किती जणांना जमतं? त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीला जमत नाहीये. म्हटलं, मलाही सुरुवातीला जमत नव्हतं. मग बारा मिनिटं आमचा छान संवाद झाला. शेवटी शेवटी त्या नुसत्या श्वास घेत होत्या. पत्र पाठवते म्हणाल्या.

शिकलेल्या माणसाशी बोलण्यात मजा असते.

११ फेब्रुवारी, बुधवार.

पत्र आलं. वर ‘पालकांस, तातडीचे’. फोडलं नाही. मुलीबद्दल दुसऱ्याचं मत वाचून मी माझा स्वीकार का गढूळ करू? टेबलाच्या खणात ठेवलं. बायको बघत होती. म्हणाली, अहो, उघडा ते. म्हटलं, ते उघडावं असं तुझ्या आत कुणाला वाटतंय? ती बाहेर जाऊन कपडे वाळत घालू लागली. ओले नव्हते. कालचे होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी.

आज मला सुट्टी. बायकोवर रिकाम्या खुर्चीचा प्रयोग केला. समोर खुर्ची ठेवायची, ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय त्याला तिथे कल्पनेने बसवायचं आणि मनातलं बोलून टाकायचं. मला वाटलं, ती तिच्या आईला बसवेल. तिने मला बसवलं. म्हटलं, अगं, मी इथेच आहे शेजारी. म्हणाली, ही खुर्ची मध्ये बोलत नाही.

मग खुर्चीकडे बघून म्हणाली, तुमची मुलगी नोव्हेंबरपासून—

इथे मला थांबवावं लागलं. या तंत्रात खुर्चीवरच्या माणसाबद्दल काय वाटतं ते बोलायचं असतं, तिसऱ्याच माणसाची बातमी द्यायची नसते. तसं समजावलं. तिने पुन्हा सुरुवात केली. म्हणाली, मला तुमचा राग येतो. म्हटलं, शाब्बास! मग ती रडली. तिला मोकळं वाटलं असणार.

प्रयोग शंभर टक्के यशस्वी. नोव्हेंबरचं काय ते विचारायचं राहिलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

साहेबांच्या मागे लागून सगळ्या स्टाफसाठी ‘ऐकण्याची कला’ हे सत्र घेतलं. मेकॅनिक, टेलिफोनवरच्या दोघी, स्टोअरकीपर आणि स्वतः साहेब. फळ्यावर गरजांचा पिरॅमिड काढला. तळाशी अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान, टोकाला आत्मविकास. कोण कुठल्या मजल्यावर आहे तेही मोकळेपणाने लिहिलं. टोकावर जागा एकाचीच होती. तिथे मला स्वतःला लिहावं लागलं. साहेबांना सुरक्षिततेच्या मजल्यावर ठेवलं. त्यांना आवडलं नसावं, पण नावडतं ऐकून घेणं हेच तर सत्राचं उद्दिष्ट.

सलग तीन तास बोललो. पंखा खडखडत होता म्हणून ओरडून. मेकॅनिकने दोनदा हात वर केला होता. प्रश्न शेवटी घेऊ म्हटलं. शेवटी वेळ उरला नाही.

घसा थोडा धरलाय.

१६ फेब्रुवारी, सोमवार.

आवाज गेला. साफ. काल सकाळी कोंबड्यासारखा होता, आज तोही नाही.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राला जबर सूज आहे. आठवडाभर कडकडीत मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. मी कागदावर लिहून विचारलं की माझ्या पेशात बोलल्याशिवाय कसं चालेल? त्यांनी पेशा विचारला. मी लिहिलं, ऐकणं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

बायको सोबत होती. डॉक्टरांना म्हणाली, नक्की आठवडाच ना? तिची काळजी बघून बरं वाटलं.

ऐन भरात आलेलं काम खोळंबणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

टेबलावर पाटी लावून बसलो: ‘बोलता येत नाही’. अकरा वाजता शिक्षिकाबाई स्वतः आल्या. छत्री माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि पंधरा दिवसांचं सगळं सांगितलं. चादरी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या. ती अंथरुणाला खिळून आहे, दिवसातून दोनदा चादर बदलावी लागते, बाईंचं वय एकाहत्तर, हाताने पिळवत नाही. मला या सगळ्यावर निदान सहा चांगले प्रतिसाद सुचले. एकही देता आला नाही. नुसता बघत राहिलो. शेवटी चिठ्ठीवर मेकॅनिकला लिहिलं, पाणी काढायचा पंप गेलाय, आत्ता यांच्याबरोबर जा.

दुपारी दोनला मशीन चालू. बाईंनी फोन करून साहेबांना सांगितलं की टेबलावरचे नवीन गृहस्थ फार भले आहेत.

नवीन कोण आलंय?

माझ्या दृष्टीने हे अपयशच. नुसता पंप बदलला. माणूस होता तिथेच राहिला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

लोक गैरफायदा घेताहेत. मेकॅनिक डबा घेऊन समोर येऊन बसतो आणि बोलतच सुटतो. आज कळलं की त्याला गेल्या वर्षापासून एका कानाने कमी ऐकू येतं. शनिवारी हात वर केला होता तो तेवढ्यासाठी: मला नीट ऐकू येत नाही, पुढे येऊन बसू का?

संध्याकाळी बायकोने स्वेटरची बाही उसवली आणि माझ्या हातावर मापून बघितली. म्हणाली, खरंच लांब होती हो. मग तिच्या आईचं शेवटचं आजारपण निघालं. चोवीस वर्षांच्या संसारात हे मी प्रथमच ऐकलं. म्हणजे तिने पूर्वी सांगितलं असेलही.

सात वाजले कधी, कळलं नाही. सराव मात्र शून्य.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

हे नीट लिहायला हवं.

सकाळी स्वयंपाकघरात ब्रेडला लोणी लावत होतो. मुलगी समोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, मी नोव्हेंबरपासून कॉलेजला जात नाही.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. आलं असतं तर ‘वेड लागलंय का तुला’ आलं असतं. शिबिरातलं दुसऱ्या नंबरावर होतं, खोटं कशाला लिहू.

ती थांबली, वाट बघितली, आणि मी काही बोलत नाही म्हटल्यावर पुढे बोलायला लागली. परीक्षेत तीन विषय राहिले होते. एक दिवस गेटपाशी पोचली, पण आत न वळता तशीच पुढे चालत राहिली. दोन चौक पुढे जनावरांचा दवाखाना. तिथे एक पांढरं कुत्रं टेबलाखाली दडून बसलेलं, कुणाला हात लावू देईना. डॉक्टरीणबाई थकल्या होत्या. ही फरशीवर आडवी झाली, काही न बोलता, तास-दीड तास. कुत्रं आपणहून बाहेर आलं. तेव्हापासून रोज तिथेच जाते. जखमा धुते, पट्ट्या बांधते. तेच शिकायचंय म्हणाली. आईला जानेवारीत सांगितलं. मला सांगायला धजावत नव्हती.

म्हणाली, मला वाटायचं तुम्ही एक तर ओरडाल, नाहीतर समजून घ्याल. दोन्हीची भीती वाटत होती.

यावर काय बोलायचं असतं ते शिबिरात झालं नव्हतं.

चाळीस मिनिटं बोलली. मी चार वेळा तोंड उघडलं, चार वेळा मिटलं. तिला वाटलं, मला गलबलून येतंय. तसं थोडं येतही होतं. शेवटी तिच्या बाहीवरचा एक पांढरा केस काढला. ती हसली, मग रडली, मग माझा ब्रेड तिने खाल्ला.

खणातलं पत्र काढून आम्ही तिघांनी मिळून वाचलं. सोमवारी, २३ तारखेला, भेटायला बोलावलंय.

नोंद: एवढी मोठी संधी आणि माझ्याकडून एकही वाक्य नाही. वाया गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार.

कॉलेजात गेलो. प्राध्यापिकाबाईंनी माझं नाव वाचलं आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला. बायकोने माझ्या गळ्याकडे बोट दाखवून, बोलता येत नाही, म्हटल्यावर त्यांचे खांदे एकदम खाली आले. दहा मिनिटांत ठरलं: एक वर्षाची सूट, प्रवेश राखून, तोवर मुलीने दवाखान्यात काम करून बघावं. मी सही केली.

दहा मिनिटांत कसली आलीय खोलवर प्रक्रिया. पण बाईंनी निघताना माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, फोनवर वेगळाच ग्रह झाला होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

आवाज आला! डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, घसा स्वच्छ. बोला म्हणाले, हवं तेवढं. (हे मी दोनदा विचारून घेतलं.)

घरी आलो तेव्हा मुलगी आईला तिच्या पांढऱ्या कुत्र्याचं काहीतरी सांगत होती. दोघी हसत होत्या. मी आठवडाभर तयार करून ठेवलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं: मला असं ऐकू येतंय की तुम्हाला आत्ता आनंद होतोय, आणि त्या आनंदाच्या खाली काय दडलंय ते आपण तिघांनी मिळून बघू या.

मुलीला चार्जर आठवला. शोधायला गेली.

बायकोने गरम पाणी आणून दिलं. म्हणाली, डॉक्टरांचा फोन होता, अजून आठवडाभर बोलू नका म्हणाले. म्हटलं, अगं, मी आत्ता त्यांच्याकडूनच येतोय. म्हणाली, तरी पण.

काळजी करते बिचारी. मन मोडवेना. साहेबांना फोन लावून विचारलं की आणखी आठवडाभर मौन चालेल का, कामाचा खोळंबा होईल. आधी म्हणाले, आवाज आला वाटतं. मग म्हणाले, घाई कसली, महिनाभर तरी घ्या.