पीप चार मिमी वर

मंगळ. ११
पुन्हा तेच. सहा बाण, सहा दिशा. दोरी खेचून हात जबड्याखाली टेकवायचा, दर वेळी त्याच जागी, एवढंच तर काम. पण हात कधी कानाजवळ, कधी हनुवटीपाशी. रविवारी ट्रायल. क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरलीय. ह्या वर्षी हुकली तर पुढच्या वर्षी पंचेचाळिशीच्या बाईला कोण घेणार? सर म्हणाले, "एन्नम्मा इदु?" मलाही हेच विचारायचंय, हे काय चाललंय.

गुरु. १३
काल रिलीजचा, दोरी सोडायच्या चापाचा, मनगटावरचा पट्टा आवळला, आज दोरीची खेच अर्धा इंच कमी केली. फरक शून्य. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट मोजून रिजेक्ट करते, आणि स्वतःचा जबडा सापडत नाही! श्रीपेरुंबुदूरहून येताना बसमध्ये हात गालाला लावून बघत होते. शेजारची म्हणाली, "दाढ दुखतेय का, अक्का?" हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

शुक्र. १४
नवऱ्याची, मिलिंदची अक्कल. "दोरीला कुंकू लाव, डोळे मिटून खेच." खेचलं, हळूच सोडत आणलं. ठसा नाकाच्या शेंड्यावर. मग डोळे उघडून, पीपमधून, दोरीत बसवलेल्या बारीक भोकातून, नेम धरत. ठसा बोटभर वर! म्हणजे दोरीतल्या त्या भोकातून दिसावं म्हणून मी मान खाली घालते. पीपच खाली बसलंय. आणि बसवताना माप मीच दिलं होतं, मान वाकवून. आठ महिने सरांना, उकाड्याला, नवऱ्याला बोल लावले. तो माझं लाल नाक बघून हसत सुटला. असा राग आला ना…

शनि. १५
सरांना सांगितलं, पीप चार मिमी वर हवं. "ट्रायलच्या आधी तोडादे, मा! अजिबात हात लावायचा नाही." बरोबरच आहे. पीप वर गेलं की बाण वीतभर वर जाणार, आणि नेम जुळवायला आज मैदान नाही, उद्याची मांडामांड चाललीय.
सर जेवायला गेले. धनुष्य दाबून दोरी सैल करायचा प्रेस मोकळाच होता.

रवि. १६, मैदानावर
डोळे मिटून खेचलं, उघडले. पीप बरोब्बर समोर. मान हललीसुद्धा नाही. बाण कुठे जाईल देव जाणे, सरावाचे तीनच मिळतील.
सर आत्ता विचारून गेले, "काही हात लावला नाहीस ना?"
"नाही, सर."